ओनिक्सला बिंबलं लावू नका

बाब, "म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हिरव्या दगडाच्या बैठकीचा पेन मिळाला, टोपण हरवलंय, दगडावरचे शाईचे डाग लिंबाने जातील का?" हे तुमचं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. लिंबू आधी खाली ठेवा.

टोपण हरवलेलं नाही, ते बहुधा कधी नव्हतंच. बैठकीवरची ती तिरकी नळी, म्हणजे सॉकेट, हेच त्याचं टोपण.

माझाही डेस्क सेट, म्हणजे टेबलावरची बैठक आणि तिच्यात खोचलेला पेन, असाच हिरवा होता, पांढऱ्या-तपकिरी शिरांचा. आमच्याकडे समया बिंबलांनी, त्या आंबट हिरव्या फळांनी, घासतात, लख्ख निघतात. म्हटलं, दगडही निघेल. परसातली चार बिंबलं ठेचली, डागांवर थापली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी डाग होते तिथेच, भोवतालची चकाकी मात्र गेलेली. बोट फिरवलं तर खरखरीत, ओल्या चुन्याचा हात लागल्यासारखं पांढुरकं. डेस्क सेटवर ज्याला ओनिक्स म्हणतात तो बहुतेक कॅल्साइट असतो, संगमरवराचा भाऊबंद. आंबट लागलं की विरघळतो. लिंबू, चिंच, माडाचं विनागर, सगळं त्याला सारखंच.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तो फरश्या पॉलिश करणाऱ्या एकाकडे दिला. "अर्ध्या तासाचं काम," म्हणाला. त्याने सॉकेट न काढताच मशीन फिरवलं. कडांची धारदार उतरण गोल झाली, पितळी कड्यावर ओरखडे आले आणि वर पैसेही घेतले. खरं तर बैठकीखाली चिकटवलेलं जाड कापड, म्हणजे फेल्ट, सोडवला की नट दिसतो, सॉकेट सुटं होतं. हे त्याला सांगायचं काम माझं होतं, पण मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही तो सेट कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

तुम्ही ओल्या फडक्याने पुसा, फार तर साबणाचा एक थेंब. तेवढ्याने गेलं नाही तर डाग राहू द्या. माझ्या मते शाईचा डाग म्हणजे तो पेन कोणीतरी वापरल्याची खूण; बाकीच्यांना पटणार नाही, चालेल. पेन काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, असेल तर तो पाण्यात भिजत घालू नका, तपकिरी पडतो. मी दुरुस्ती करणारा नव्हे, स्वतःच्या वस्तू बिघडवून शिकलोय, त्या हिशेबाने घ्या.

आता गमतीचं. पेनाची शेपटी, म्हणजे मागचं लांब निमुळतं टोक, फिरते का बघा, पण जोर लावू नका. १९३० च्या आसपासचे पार्कर कंपनीचे काही ड्युओफोल्ड पेन असे होते की शेपटी काढून टोपण चढवलं की खिशातला पेन तयार. एस्टरब्रुक कंपनीचा निघाला तर निब आट्यांवर सुटते; निबेवर ९५५६ नंबर असेल तर बारीक, ९६६८ असेल तर मध्यम. त्यांचा डिपलेस तर आणखी न्यारा: बैठक हीच दौत, निब कायम शाईत. पण दौत काचेची किंवा प्लास्टिकची, म्हणजे तुमचा तो नसावा.

बैठक उलटी करून फोटो टाका. फेल्ट मूळचा असेल तर ओढून फाडू नका, आधी मला दाखवा.