चीनमधल्या संशोधन संस्थेचा संरक्षण क्षेत्राशी संबंध आहे का, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मटेरियल सायन्समध्ये पीएचडी झाली आहे, चीनमधल्या एका संस्थेने दोन वर्षांची पोस्टडॉक देऊ केली आहे, संस्थेच्या नावात लष्कराचा मागमूस नाही, पण एका सहकाऱ्याने "ती डिफेन्सवाल्यांची आहे" असं सांगितलं. खरं काय ते घरबसल्या कसं शोधायचं, आणि गेल्यास पुढे काय अडचणी येऊ शकतात?

"लष्कराची आहे की नाही" एवढंच विचारलंत तर हाती काही लागणार नाही, कारण चीनमध्ये या दोन टोकांच्या मध्येच बहुतेक संस्था बसतात. त्यापेक्षा तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. संस्था कोणाच्या हाताखाली आहे? तुम्ही ज्या गटात जाणार त्या गटाला पैसा कोण देतं? आणि त्या गटाचं काम शेवटी कोण वापरतं? पहिल्या गोष्टीला एक संध्याकाळ पुरते, दुसरीला दोन-तीन दिवस लागतात, तिसरीचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजानेच बांधावं लागतं.

सुरुवात चिनी नावापासून करा. इंग्रजी नावावर विसंबू नका, तिथेच बहुतेकांची गाडी घसरते. शिआन शहरातल्या तीन संस्था बघा. 'शिआन इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्टिक्स अँड प्रिसिजन मेकॅनिक्स' ही चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेस या सरकारी नागरी विज्ञानसंस्थेची. 'शिआन इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड ऑप्टिक्स' म्हणजे शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या नोरिन्को या सरकारी समूहाची २०५ नंबरची संस्था. आणि 'शिआन मॉडर्न केमिस्ट्री रिसर्च इन्स्टिट्यूट' हे नाव एखाद्या रंगाच्या कारखान्याचं वाटेल, पण ती नोरिन्कोची २०४ नंबरची संस्था. तिचा मुख्य विषय स्फोटकं आणि प्रोपेलंट (रॉकेट किंवा गोळा पुढे ढकलणारं इंधन). इलेक्ट्रॉनिक्समधल्या सीईटीसी समूहाचंही तसंच: 'नानजिंग रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजी' म्हणजे त्यांची १४ नंबरची, रडारवाली संस्था. नंबर आणि नाव अशी दुहेरी ओळख दिसली की ती संस्था बहुधा एखाद्या सरकारी उद्योगसमूहाची असते, आणि मग तो समूह कोणता हे बघायचं.

त्याहून अवघड प्रकार पांघरलेल्या नावांचा. 'शिआन रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ हाय टेक्नॉलॉजी' या पत्त्याने निघालेले शोधनिबंध प्रत्यक्षात रॉकेट फोर्सच्या, म्हणजे चिनी सैन्याच्या क्षेपणास्त्र दलाच्या, अभियांत्रिकी विद्यापीठातले असतात. 'झेंगझोउ इन्फर्मेशन सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट' हे सैन्याच्या इन्फर्मेशन इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटीचं दुसरं नाव.

चिनी नाव मिळालं की नोंदणी बघा. चीनमध्ये प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला १८ अक्षरांचा एकच सामाजिक पत क्रमांक असतो. तो १२ ने सुरू होत असेल तर सरकारी सेवा-संस्था, ९१ ने सुरू होत असेल तर कंपनी. पुढचे सहा आकडे १००००० असतील तर नोंदणी थेट केंद्र पातळीवरची. सरकारी सेवा-संस्थांच्या नोंदवहीत एक रकाना असतो, 'ज्युबान दानवेई', म्हणजे ही संस्था चालवणारी वरची संस्था कोणती. ब्राउझरच्या भाषांतरात तो 'ऑर्गनायझर' असा काहीसा दिसेल. संस्थेच्या अख्ख्या वेबसाइटवर जे लिहिलेलं नसतं ते या एका ओळीत सापडतं. नोंदवहीत संस्था अजिबातच सापडत नसेल तर आधी नावाची अक्षरं पुन्हा तपासा. तरीही नसेल तर ती एखाद्या मोठ्या संस्थेचा विभाग असेल किंवा सैन्याची असेल. सैन्याच्या तुकड्या या नोंदवहीत येत नाहीत.

वरची संस्था का महत्त्वाची, याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'बीजिंग कॉम्प्युटेशनल सायन्स रिसर्च सेंटर'. सैद्धांतिक भौतिकशास्त्र, गणित, क्वांटम असे विषय, परदेशी संशोधकांना खुलं आमंत्रण. पण हे केंद्र चायना अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग फिजिक्सच्या, म्हणजे सीएईपीच्या छत्राखालचं. सीएईपी ही चीनची अण्वस्त्रं विकसित करणारी संस्था, मुख्यालय सिचुआनमधल्या म्यानयांगला. ती अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या 'एंटिटी लिस्ट'वर १९९७ पासून आहे, आणि हे केंद्र जून २०२० मध्ये त्या यादीत गेलं. तिथे काम करणारा प्रत्येक जण बॉम्ब बनवतो असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र तुमच्या बायोडेटावर ते नाव आलं की पुढचा तपासणारा अधिकारी वरच्या संस्थेकडेच बघणार.

आता माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा: शोधनिबंधांच्या शेवटचे आभार. तुमच्या होणाऱ्या गाइडचे गेल्या पाच वर्षांतले तीस-चाळीस निबंध काढा. ओपनअॅलेक्स हा शोधनिबंधांचा डेटाबेस फुकट आहे, त्यात लेखक आणि संस्था दोन्हींवर गाळणी लावता येते. एका तक्त्यात तीन रकाने करा: निधी, सहलेखकांचे पत्ते, प्रयोगशाळेचं नाव.

निधीत काय बघायचं? नॅशनल नॅचरल सायन्स फाउंडेशन या चीनच्या सरकारी निधीसंस्थेचा साधा प्रकल्प असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, तो सगळ्यांना मिळतो. पण त्याच फाउंडेशनचा 'एनएसएएफ' नावाचा संयुक्त निधी आहे, तो सीएईपीबरोबरचा. त्याचे क्रमांक यू अक्षराने सुरू होतात. क्रमांक 'जेसीकेवाय' आणि पुढे वर्ष असा असेल तर तो संरक्षण उद्योगाच्या मूलभूत संशोधन कार्यक्रमाचा. इंग्रजीत त्याला 'डिफेन्स इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम' लिहितात, कधी नुसताच क्रमांक ठेवतात. ६१४ ने सुरू होणारे लांबलचक आकडे आणि 'इक्विपमेंट प्री-रिसर्च' हे शब्द दिसले तर तो सैन्याच्या शस्त्रसामग्री विभागाचा पैसा. चाळीस निबंधांत एकदा असं दिसणं आणि पंधरा वेळा दिसणं यात फार फरक आहे. एकदा म्हणजे सहलेखकाचा प्रकल्प असू शकतो. पंधरा वेळा म्हणजे गटाची चूल त्यावरच पेटते.

प्रयोगशाळेच्या नावातली एक खूण लक्षात ठेवा. 'स्टेट की लॅबोरेटरी ऑफ अमुक' हे सर्वसाधारण नागरी नाव. पण 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑन अमुक लॅबोरेटरी' अशी विचित्र रचना दिसली तर थांबा. संरक्षण-तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा इंग्रजीत आपलं नाव असं लिहितात. मूळ चिनी नावात 'ग्वोफांग', म्हणजे राष्ट्रीय संरक्षण, असतं आणि इंग्रजीत ते गळतं. म्यानयांगची 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑन प्लाझ्मा फिजिक्स लॅबोरेटरी' हा त्याचाच नमुना.

पत्त्यांबद्दल एक सावधगिरी. 'पोस्ट बॉक्स ९१९, म्यानयांग ६२१९००' हा सीएईपीचा पत्ता, 'पोस्ट बॉक्स ८००९, बीजिंग १०००८८' ही त्यांची गणिती भौतिकशास्त्राची संस्था. हे वाचून लोक पोस्ट बॉक्स दिसला की लष्कर समजतात. तसं नाही. चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसची 'इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स' वर्षानुवर्षं 'पोस्ट बॉक्स ६०३, बीजिंग' लिहीत आली आहे. असेच आणखी दोन खोटे इशारे: संस्थेत पक्षसमिती असणं आणि गोपनीयता कार्यालय असणं. दोन्ही चीनमध्ये सर्रास आढळतात, त्यांना वजन देऊ नका. नोकरीच्या चिनी जाहिराती मात्र जरूर वाचा. 'जुनगोंग' (लष्करी उद्योग), 'शमी' (गोपनीय काम), 'शिंगहाव' (ठरावीक शस्त्र किंवा यानाचं मॉडेल) हे शब्द तुमच्याच गटाच्या जाहिरातीत असतील तर ते बोलके आहेत. 'लष्करी-नागरी एकात्मता' हा शब्दप्रयोग २०१७ च्या सुमारास सगळीकडे मिरवला जात होता, नंतर बऱ्याच पानांवरून उतरला. म्हणून वेब आर्काइव्हमधली जुनी पानं बघाच.

यादी तपासणं सोपं, म्हणून शेवटी ठेवलं. ऑस्ट्रेलियाच्या एएसपीआय संस्थेचा चिनी विद्यापीठांचा ट्रॅकर २०१९ मध्ये आला. त्यात धोक्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये धोक्याच्या मानलेल्या संशोधन संस्थांची नावं जाहीर केली. उद्योग व माहिती मंत्रालयाच्या हाताखालची 'संरक्षणाची सात मुलं' म्हणवली जाणारी विद्यापीठं (बेहांग, बीजिंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हार्बिनमधली दोन, नानजिंगमधली दोन आणि शिआनचं नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल) असतील तर संबंध उघडच आहे, फार खोलात जायची गरजच नाही. पण यादीत नाव नाही म्हणजे संबंध नाही, असं मानू नका. याद्या संस्थेच्या नावाने चालतात. प्रयोगशाळा त्यांच्या जाळीतून निसटते.

काही ठिकाणी उत्तर खरोखरच मधलं असतं. बीजिंगच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेकॅनिक्स'मध्ये जेएफ-१२ नावाचा शॉक टनेल, म्हणजे अतिवेगवान हवेत चाचण्या घेण्याचा बोगदा, आहे. माख ५ ते ९ (आवाजाच्या पाच ते नऊ पट) वेगाची हवा तिथे १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ टिकते. त्यातून अंतराळयानाच्या परतीचा अभ्यास होतो आणि हायपरसॉनिक क्षेपणास्त्राचाही. त्याच संस्थेत द्रव, जैवयांत्रिकी असे विषयही चालतात. म्हणून संस्थेला एक शिक्का मारण्यापेक्षा तुमचा विषय कुठे बसतो ते बघा. तुमच्या क्षेत्रात कार्बन फायबर, उच्च तापमानाचे सिरॅमिक कंपोझिट, ऊर्जायुक्त पदार्थ (स्फोटकं, प्रोपेलंट) आणि रडार शोषणारे लेप हे नाजूक विषय. बॅटरीचे कॅथोड किंवा हाडांचे इम्प्लांट त्या मानाने निर्धास्त.

अडचणींबद्दल. एंटिटी लिस्टवरच्या संस्थेत तुम्ही नोकरी करू नये असा त्या यादीचा अर्थ नाही. अमेरिकन माल आणि तंत्रज्ञान तिथे परवान्याशिवाय जात नाही, एवढाच आहे. पण त्याचा रोजच्या कामावर परिणाम होतो: २०२० मध्ये हार्बिनच्या दोन्ही विद्यापीठांत मॅटलॅब या अमेरिकन गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स बंद झालं. ब्रिटनला पुढे जायचं असेल तर संवेदनशील विषयांसाठी एटीएएस ही तिथल्या सरकारची सुरक्षा-मंजुरी लागते, आणि तिथे तुमची आधीची संशोधनाची पार्श्वभूमी सांगावी लागते.

भारताच्या बाजूचं बहुतेक जण विसरतात. डीजीएफटीची, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची, 'स्कोमेट' ही नियंत्रित निर्यातीची यादी फक्त पेटीत भरलेल्या मालाला लागू नाही. ईमेलने पाठवलेली रेखाचित्रं, प्रक्रियेचे तपशील, सॉफ्टवेअर हेही त्यात निर्यात धरलं जातं. प्रसिद्ध झालेलं ज्ञान आणि मूलभूत संशोधन यांना सूट आहे, पण इथल्या प्रयोगशाळेतली अप्रकाशित प्रक्रिया सोबत नेणं त्या सुटीत बसत नाही. पीएचडी डीआरडीओ, इस्रो किंवा अणुऊर्जा विभागाच्या निधीवर झाली असेल तर आधी गाइडकडून लेखी परवानगी घ्या.

ऑफरला उत्तर देण्याआधी तिकडच्या गाइडला तीन साधे प्रश्न ईमेलवर विचारा: माझा पगार कोणत्या प्रकल्प-क्रमांकातून येणार? सगळे निकाल प्रसिद्ध करता येतील का? आणि परदेशी माणसाला प्रयोगशाळेतल्या कोणत्या खोल्या किंवा कोणता डेटा बंद असेल? सरळ गट असेल तर दोन दिवसांत क्रमांकासकट उत्तर येतं. "इथे आल्यावर बोलू" असं आलं तर पुन्हा एकदा लेखी विचारा, आणि तेव्हाही क्रमांक मिळाला नाही तर मी ती ऑफर घेणार नाही. वर सांगितलेलं प्रत्येक पान तारखेसकट पीडीएफ करून ठेवा; चिनी डेटाबेस परदेशातून बंद होत चालले आहेत, आणि दोन वर्षांनी व्हिसा अधिकाऱ्याने विचारलं तर तुम्ही काय बघून निर्णय घेतला होता हे दाखवायला तेच उपयोगी पडेल.