आधी स्थायी पकड

बेटा,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. इथे ग्वाल्हेरला तानसेन समारोहात दोन रात्री बसलीस, मंच सुंदर होता, नावं मोठी होती, ‘पण काका, गाणं डोक्यावरून गेलं’ असं सरळ लिहिलंस. इथे वर्षानुवर्षं पुढच्या ओळीत बसणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यावरूनच जातं. ते फक्त माना डोलावतात.

पुण्याच्या मैफली आणि तुमचे ते तिकिटाचे मोठे कॉन्सर्ट यांच्याशी तू तुलना केली आहेस. कॉन्सर्टला मी नावं ठेवणार नाही. तिथे गाणं तुला आधीच पाठ असतं, गायक पहिला शब्द उच्चारतो आणि हजार माणसं पुढची ओळ म्हणतात, त्याची मजा वेगळीच. ख्यालाच्या, म्हणजे एक रचलेली बंदिश घेऊन राग फुलवत नेणाऱ्या गाण्याच्या, मैफलीत तुझी अडचण नेमकी इथे आहे. तुला काहीच पाठ नसतं, म्हणून धरायला काही सापडत नाही. मग डोळे मंचामागच्या त्या वास्तूच्या प्रतिकृतीकडे जातात, तिथून शेजारच्याच्या शालीकडे, आणि शेवटी फोनकडे.

तर पहिलं काम हे कर. ख्याल सुरू झाला की स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पकड. राग कोणता, हे ओळखायच्या भानगडीत पडू नकोस. ते होईल सावकाश, नाही झालं तरी बिघडत नाही. बंदिशीची पहिली ओळ कुठून उठते आणि तिचा कोणता शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, एवढंच बघ. तबल्याचा ठेका गुडघ्यावर हाताने धर. इथल्या ख्यालात बरेचदा तिलवाडा ताल असेल, सोळा मात्रांचा. झुमरा असला तर चौदा. मोजणं चुकलं तर सोडून दे आणि पुढच्या समेला पुन्हा पकड. ताल चार-पाच वेळा फिरून आला की मुखडा, म्हणजे समेवर येणारा तो पहिल्या ओळीचा तुकडा, तुझ्या ओठांवर येतो, आणि मग गंमत सुरू होते. गायक लांब कुठेतरी निघून गेलेला असतो आणि तुला कळतं की आता हा परत येणार, येतोय, आला. ती ‘वाह’ आपोआप निघते, शेजाऱ्याचं बघून काढावी लागत नाही.

हे मी तुला ग्वाल्हेरमध्ये सांगतो आहे, त्याला कारण आहे. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात बंदिशीला फार मान. स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, सुरुवातीलाच नीट, शब्दांसकट गाऊन दाखवायचे आणि मग त्यांच्याच अंगाने राग वाढवत न्यायचा, शेवटी शब्दांच्या बोल-ताना आणि सरळ चढत्या-उतरत्या सपाट ताना. लयही अतिविलंबित, म्हणजे फारच संथ, नसते, त्यामुळे नवख्या माणसाला सम हाताशी राहते. काही दुसऱ्या घराण्यांत नुसत्या मुखड्यावर अर्धा तास आलापी चालते, तीही सुंदरच, पण शिकाऊ श्रोत्याला तिथे पाय टेकायला जमीन मिळत नाही. ऐकायला शिकायचं तर ग्वाल्हेरची गायकी सोयीची, हे मी गाववाला म्हणून म्हणतो असं समज हवं तर.

आणि ही गायकीच मुळात ऐकण्यातून उभी राहिली आहे. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गायचे, तेव्हा हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांना पडद्याआड बसवून त्यांची तान ऐकवली, आणि काही काळाने दोघांनी ती भर दरबारात गाऊन दाखवली, अशी गोष्ट सांगतात. त्यात मीठमसाला किती ते सोड. पण पडद्यामागे ना मंच दिसतो, ना हातवारे. राहतो फक्त कान. हीच विद्या पुढे वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी उचलली आणि महाराष्ट्रात नेली. मिरजेत ती विष्णु दिगंबर पलुसकरांना मिळाली आणि त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे तुझ्या पुण्यातल्या गाण्याच्या क्लासाची एक वाट इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात येऊन मिळते. परक्या गावात आल्यासारखी बसू नकोस.

आता दुसरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही. तू रात्रीच्या सभांना गेलीस, सकाळच्या सोडल्यास. पुढच्या डिसेंबरात उलटं कर. समारोहाचा पहिला दिवस सकाळी हजिरा भागात तानसेनच्या समाधीपाशी सुरू होतो. तिथे सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा होते, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, आणि समाधीवर चादर. रात्रीच्या गर्दीतला दहावा हिस्साही लोक नसतात. शेजारी सूफी संत मोहम्मद गौस यांचा एवढा मोठा जाळीदार मकबरा, आणि त्याच्या आवारात तानसेनची ती लहानशी खांबांची छत्री. 1924 पासून हा सोहळा चालू आहे. आधी उर्स, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, होता, मग समारोह झाला. हरिकथेत बुवा निरूपण करता करता गाऊ लागतात आणि बोलण्याचा सूर कुठे संपला, रागाचा कुठे लागला, ते कळत नाही. मराठी कीर्तनात वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखू येईल. चिंचेचं झाडही बघून घे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात. माझा झाला नाही.

सकाळच्या सभेला बसलीस की सुरुवातीला संगीत महाविद्यालयातली मुलं सामूहिक ध्रुपद, म्हणजे ख्यालाहून जुना गायनप्रकार, गातील. लोक तेवढ्या वेळात चहाला जातात. तू जाऊ नकोस. तानसेन ध्रुपद गाणारा, ख्याल इथे बहरला तो बराच नंतर, तेव्हा त्याच्या अंगणात निदान ध्रुपदाला उठू नये. शिवाय त्या मुलांपैकी एखादी थोडी बेसूर झाली तर तुला चक्क कळेल. चांगलं ओळखण्याआधी चुकलेलं ओळखता येतं, आणि कान तिथूनच तयार होऊ लागतो. इथलं माधव संगीत महाविद्यालय 1918 चं, संगीतशास्त्री भातखंड्यांच्या मदतीने उभं राहिलेलं. इथल्याच गायक कृष्णराव पंडितांच्या घराण्याचं शंकर गांधर्व महाविद्यालय त्याच्याही आधीचं, 1914 चं. या शाळांतून गायक निघाले त्याच्या कितीतरी पट श्रोते निघाले. आमच्या तरुणपणी किराणा दुकानदारसुद्धा तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचा तुकडा, चुकली की भुवई उचलायचा.

बसायचं कुठे, हेही विचारलंस. अगदी पुढे नको, तिथे पाहुणे येतात-जातात आणि फोटोवाले आडवे येतात. स्पीकरच्या खांबाजवळ तर मुळीच नको. साऊंडवाला आपला मिक्सर घेऊन बसतो ना, त्याच्या आसपास जागा धर. तो त्याच्या कानाला बरा वाटेल असा आवाज लावतो, तोच तुलाही मिळतो. अंगावर शाल नव्हे, रजई म्हणावी असं काही घे. डिसेंबरची रात्र इथे हाडात शिरते. दव पडू लागलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ढिली पडून सूर उतरतो, मग तबलजी पुन्हा पुन्हा हातोडी घेतो. लोक तेव्हा कंटाळतात. तू त्या वेळी तानपुऱ्याकडे कान दे. गायक गात नसताना तानपुरा जेवढा स्वच्छ ऐकू येतो तेवढा नंतर येत नाही.

परतीची सोय आधी करून ठेव. रात्री उशिरा हजिऱ्याहून लष्करात यायला टेम्पो मिळत नाही आणि रिक्षावाले तोंडाला येईल ते मागतात. मैत्रिणींबरोबर जा, पण बोलणाऱ्या मैत्रिणी नकोत.

फोनबद्दल फार बोलत नाही. रेकॉर्ड केलेलं तू परत ऐकणार नाहीस, मला ठाऊक आहे. गाणं जपून ठेवायचंच असलं तर घरी आल्यावर वहीत तारीख, राग, ताल आणि स्थायीचे आठवतील तेवढे शब्द लिही. मोडके लिही, अर्धे लिही. पुढे कधी तीच बंदिश दुसऱ्याच्या तोंडून ऐकशील तेव्हा ती वही किती कामाची आहे ते कळेल.

युनेस्कोने 2023 मध्ये आपल्या शहराला संगीताचं शहर म्हटलं, तेव्हापासून विक्रमांची हौस आली आहे. शंभराव्या समारोहात, 2024 ला, 546 वादक एकत्र वाजले आणि गिनीजमध्ये नोंद झाली. कौतुक आहे, मुलांना उत्साह येतो. पण एवढ्या वाद्यांत एकाचाही स्वभाव ऐकू येत नाही. त्यापेक्षा ‘गंगादास की बडी शाळा’ या साधूंच्या मठात रागायन संस्थेच्या सभा होतात, तिथे ये. जागा तीच, जिथल्या साधूंनी 1858 ला झाशीच्या राणीसाठी हत्यारं उचलली. मोजकी माणसं, सतरंजी, आणि गाणारा एवढा जवळ की श्वास कुठे घेतला ते दिसतं. मुखडा पकडायचा सराव करायला याहून चांगली जागा शहरात नाही. गणेशोत्सवात लष्करातल्या मराठी मंडळांतही गाणी होतात. काही ऐकण्यासारखी असतात, काही आरतीची वाट बघायला लावतात.

बेहटची सभा चुकवू नकोस. तानसेनचं गाव, झिलमिल नदीचा काठ, आणि ते कललेलं शिवमंदिर, ज्याबद्दल गावातले लोक सांगतात की तानसेनच्या तानेने वाकलं. ती सभा दिवसा असते, थंडीचा त्रास नाही. आमच्या गल्लीतले काहीजण मिळून गाडी करतो. तुझी जागा धरायची का, ते आधी कळव. डबा आणू नकोस, काकू दशम्या करणार आहे. मात्र वही आण, आणि जाताना गाडीतच तिलवाडा हातावर म्हणून दाखवावा लागेल.

तुझा,
काका