पिशवीवर नाव कोणाचं घालू?

मावशी,
माहेर माझं साकोलीच्या बाजूचं, सासर दारव्हा तालुक्यात. इकडं मी डोळ्यांना ‘डोरे’ म्हटलं की जावा हसतात, माहेरी गेले अन् तोंडून ‘डोये’ निघालं की वहिनी हसते. माझी आई नागपंचमीला, पोळ्याला, दिवाळीला भिंतीवर गेरू-चुन्यानं काढायची. नाग, बैल, बोडीतले म्हणजे शेतातल्या तळ्यातले मासे, धानाची रोवणी करणाऱ्या बाया. तिचं पाहून मीही काढते. मासे अन् पाखरं आतून ठिपक्या-रेघांनी भरायचं मात्र मोबाईलवर पाहून शिकले. बचत गटाच्या स्टॉलवर रंगवलेल्या कापडी पिशव्या ठेवल्या, सगळ्या गेल्या. आता नागपूरचे एक दुकानदार म्हणतात, शंभर पिशव्या द्या, पण चिठ्ठीवर ‘गोंडी आर्ट’ लिहा, भाव दुप्पट मिळेल. आम्ही कुणबी. लिहू का?
घरात वेगळंच चालू आहे. सासूबाई म्हणतात, “सारा स्लॅब तुह्या पिशव्यांनीच भरते, मुंगवड्या टाकाले जागा कुठी हाय?” रंगाचे डबे लोणच्याच्या बरणीजवळ ठेवले म्हणून तीन दिवस बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो, “तुले पटते तसं कर.” परवा पोरीनं शाळेचा फॉर्म आणला. आईचा व्यवसाय? मी ‘गृहिणी’ लिहिलं अन् रात्रभर झोप नाही. आई आता नाही. तिचं घर पाडून भावानं स्लॅबचं बांधलं, त्या भिंतीचा एक फोटोही कोणाकडं नाही. मी कुठली, अन् हे काम माझं की उचललेलं, तेच कळत नाही.
– ना इकडची ना तिकडची

बाई गं,

शंभर पिशव्यांची ऑर्डर आली, त्याचा आनंद आधी. आणि लगेच उत्तर: ‘गोंडी’ लिहू नको. दुकानदार “सगळेच लिहितात हो ताई” म्हणेल, तरी नको.

गोंड हा रंगकामाचा प्रकार नाही, ती माणसं आहेत, आणि तुझ्या यवतमाळ जिल्ह्यातच आहेत. तुमच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या बायांत एखादी आत्राम नाहीतर मडावी असेलच. तिच्या जमातीचं नाव चिठ्ठीवर घालून तू दुप्पट भाव घेशील आणि तिची रोजी आहे तीच राहील. हे तुला पचणार नाही. पचलं असतं तर पिशव्या आत्तापर्यंत नागपूरला पोचल्या असत्या आणि मला हे पत्र आलं नसतं.

दुकानदाराच्या डोळ्यांपुढं जी ‘गोंडी’ आहे ना, तिची हकीकत तुला माहीत असलेली बरी. मध्य प्रदेशात आजच्या डिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ नावाचं परधान गोंडांचं गाव आहे. परधान म्हणजे बाना वाजवून गोंडांच्या देवांच्या, राजांच्या कथा गाणारे. तिथला जनगढसिंह श्याम नावाचा तरुण मातीच्या भिंतीवर चित्रं काढायचा. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी गावोगाव कलाकार शोधत फिरणाऱ्या मंडळींना तो सापडला; त्या शोधामागं चित्रकार जगदीश स्वामीनाथन होते. भारत भवन 1982 मध्ये उघडलं. जनगढ कागदावर, कॅनव्हासवर काढू लागला: देव, झाडं, जनावरं, सगळी आतून ठिपक्यांनी नि रेघांनी भरलेली. 2001 मध्ये तो जपानात वारला. तोवर त्याच्या गणगोतातले कितीतरी जण चित्रं काढायला लागले होते, आणि प्रत्येकाची भरण वेगळी, म्हणजे ठिपके पाहून चित्र कोणाचं ते ओळखू यावं इतकी. जाणकार या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. आता पाहा, ज्या नावामागं तू स्वतःचं नाव लपवायला निघालीस, त्या कामाला एका माणसाचं नाव लागलेलं आहे. याच शैलीच्या चित्रकार दुर्गाबाई व्याम यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. त्यांचीही सुरुवात घरच्या भिंती-जमिनीवरच्या ढिगण्यापासूनच, म्हणजे सणावाराला काढायच्या नक्षीपासून. तुझ्या आईचं काम काही याहून निराळं नव्हतं.

कायद्याचंही ऐकून ठेव. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, वारलीला 2014 मध्ये मिळालं. असं नाव मालावर लावायचा हक्क त्यासाठी नोंद झालेल्या कारागिरांचा असतो. उद्या कोणी तक्रार केली, तर चिठ्ठीवर अक्षर तुझं सापडेल.

मग मोबाईलवरून घेतलेल्या ठिपक्यांचं काय? राहू दे ते. रांगोळी, रुखवत, स्वेटरची वीण, सगळं आपण शेजारणीच्या मांडीला मांडी लावून पाहूनच शिकलो. कुठून शिकले ते सांगायचं, एवढंच. मात्र कोणाचं चित्रच्या चित्र उतरवलं असशील तर ते या शंभरांतून काढ. शिंगांतून झाड उगवलेलं ते हरीण तुझ्या एखाद्या पिशवीवर असणार, मला खात्री आहे. मोबाईलवर ठिपके शोधायला गेलं की पहिलं तेच दिसतं.

आता तुझं स्वतःचं. आपल्याकडच्या शाळा-पंचायतीच्या भिंती पाहिल्यास का? जिकडं तिकडं वारली माणसं फेर धरून नाचतात, मधोमध तारपा. तारपा पालघरकडचा, आपल्या पोरांनी तो कधी कानांनी ऐकलेला नाही. वारली चित्रांशी माझं भांडण नाही. पण भंडारा-गोंदियाची दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा, वडशाहून सामान भरून निघणाऱ्या नाटक कंपन्यांच्या गाड्या, यांतलं काहीच कोणाला भिंतीवर काढावंसं वाटू नये, याचा मला राग येतो. अन् तू ज्या दोन गोष्टी पत्रात घाईनं उरकल्यास त्याच मी परत परत वाचून राहिले: बोडीतले मासे आणि रोवणी करणाऱ्या बाया.

दारव्ह्याकडं बोडी नाही अन् रोवणीही नाही. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. त्या काळ्या मातीत बसून धानाच्या बांधीतल्या बाया काढणारी तू एकटीच असशील. रोवताना लुगडं कुठवर खोचलेलं असतं, डाव्या हातात परे म्हणजे धानाची रोपं कशी धरतात, उजव्या हाताची बोटं चिखलात कुठवर जातात, सगळी रांग एकेक पाऊल मागं कशी सरकते, हे तुझ्या हाताला माहीत आहे. जोडीला इकडचंही घे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावात भुलाबाई बसते. तिची गाणी सारी सासर-माहेरच्या कुरबुरींचीच. त्या मातीच्या भुलाबाई-भुलोजीमागची भिंत यंदा मागून घे. हसणाऱ्या जावेला तर सरळ सांग, “तुह्या ‘ळ’चा ‘य’ होते, माह्या ‘ळ’चा ‘र’ होते, ‘ळ’ तं दोघींलेही येत नाही.”

चिठ्ठीवर असं लिही: ‘हातानं रंगवलेली पिशवी. चित्र –’ इथं तुझं पूर्ण नाव, टोपणनाव नको. मग ‘माहेर साकोली, मुक्काम’ आणि तुझं गाव. खाली बारीक अक्षरात, ‘भिंतीवरची चित्रं आईकडून शिकले; भरण परधान गोंड चित्रकारांची पाहून.’ दुकानदार आढेवेढे घेईल. त्याला म्हणावं, शंभर राहू द्या, वीस-पंचवीस या चिठ्ठीनं लावून पाहा. तेही नको म्हणाला तर नागपूर एवढ्यावर संपत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे हस्तकलेचे मेळे भरतात, बचत गटांची प्रदर्शनं भरतात. शिवाय हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ नावाचं ओळखपत्र मिळतं. गटाच्या ताईंना विचारून अर्ज करून ठेव.

भाव ठरवताना कापड आणि रंग तू धरतेस, वेळ धरत नाहीस. पत्रात तसं काही नाही, पण मी अशा पुष्कळ बाया पाहिल्यात. निंदणाला तुमच्या गावात जी रोजी चालते तीच तुझ्या दिवसाला लाव, मग पिशव्यांनी भाग. जो आकडा येईल त्याखाली उतरू नको. आणि ‘नैसर्गिक रंग’ असंही लिहू नको. गेरू मातीच्या भिंतीत मुरतो. कापडावर डिंकात कालवून लावला तरी पहिल्या धुण्यात वाहून जातो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, पळसाच्या फुलांच्या रंगाचंही तेच. पिशवीला कापडाचेच रंग बरे.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूनं आहे. वर्षाच्या लोणच्याशेजारी रंगाचा डबा? तीनच दिवस बोलल्या नाहीत, यात त्यांचा मोठेपणा आहे. डबे आजच्या आज स्वयंपाकघरातून बाहेर काढ, सपरीत म्हणजे पडवीत स्वतंत्र फळी ठोकून घे आणि रंगाचं पाणी घ्यायला घरातली वाटी वापरत असशील तर तीही बंद.

स्लॅबचं भांडण उन्हाचं आहे, चित्रांचं नाही. मुंगाची डाळ रात्री भिजवायची, सालं काढायची, पाट्यावर जाडसर वाटायची, मिरची, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून फेटायची आणि जुन्या धोतरावर चिमटीनं एकेक वडी सोडायची. पीठ हाताला सैल लागलं तर वडी पसरते, घट्ट राहिली तर वाळून दगड होते आणि रश्श्यात शिजता शिजत नाही. ऊन चढायच्या आत सगळ्या टाकून व्हाव्या लागतात. मुंगवड्या झाल्या की सरगुंडे. तेव्हा गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळत दोन बाया लागतात, एकटीला पुरत नाही. नेमक्या त्या सकाळी तू स्लॅबभर पिशव्या पसरून बसतेस आणि वर सरगुंड्यांना हातही लावत नसशील, तर त्यांनी बोलायचं नाही तर काय करायचं? कापडाच्या रंगाला इतकं ऊन लागतही नाही, सपरीत दोरीवर वाऱ्यानं वाळतो. तेव्हा वाळवण होईतो स्लॅब सासूबाईंचा आणि सकाळी तूही त्यांच्यासोबत काडी घेऊन बसायचं. आषाढात झड लागते, बाजारात भाजी महागते, तेव्हा याच मुंगवड्यांचा रस्सा आणि भाकरी करून तुझी संध्याकाळ मोकळी होणार आहे. ऑर्डरच्या दिवसांत तर फारच.

ते दिवस संपले की मग त्यांच्याकडं माग. दुपारचे दोन तास, रोज, घरात सगळे असताना, स्पष्ट शब्दांत. हळूच, चोरून रंगवत बसू नको. चोरून केलेल्या कामाला घरात रिकामटेकडेपणा म्हणतात आणि पैसे आले तरी तेच म्हणत राहतात.

नवऱ्याचं मला फारसं कौतुक नाही, रागावू नको. “तुले पटते तसं कर” हे म्हणायला काही लागत नाही. त्याला काम दे. ऑर्डरच्या दिवसांत संध्याकाळचं पाणी भरणं आणि पोरीचा अभ्यास त्याच्याकडं, आणि गठ्ठा यवतमाळच्या बसपर्यंत पोचवणंही त्याच्याकडं. रंगाचा खर्च, आलेले पैसे, सगळं एका वहीत लिही आणि ती वही त्याला दाखव. पण पैसे तुझ्या खात्यावर येऊ दे. गटात आहेस म्हणजे खातं असेलच.

पोरीच्या फॉर्मवर ‘शेती, घरकाम, चित्रकाम’ लिही. चौकट लहान असते, बारीक अक्षरात बसतं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील तेव्हा पोरीलाच लिहू दे.

राहिली आईची भिंत. ती गेली, आणि त्याचं वाईट वाटणं मी कितीही लिहिलं तरी जाणार नाही. पण तिच्या बरोबरीच्या बाया अजून असतील. भाऊबीजेला माहेरी जाशील, त्या सुमारास मंडईही असते, म्हातारी माणसं घरी सापडतात. तोंडानं विचारू नको. विचारलंस तर “काई नाई वं माय, असंच काढत होतो” एवढंच मिळेल. हातात खडू दे, पुढं फरशी नाहीतर मोठा कागद दे आणि सांग, नागपंचमीचा नाग काढून दाखव. कोण शेपटीकडून सुरू करते आणि कोण फण्याकडून, ते नीट बघ. तुझी आई कुठून करायची ते तुला तिथं बसल्या बसल्या आठवेल. प्रत्येक कागदाच्या मागं त्या बाईचं नाव, गाव, तारीख लिहून घे आणि त्याच दिवशी फोटो काढ.

आणि गेलीच आहेस तर भावाला नव्या घराची एक भिंत माग. मागच्या अंगणाकडची चालेल. तो म्हणेल, पेंटला किती खर्च आला माहीत आहे का? तेवढे पैसे शंभर पिशव्यांतून देऊन टाकता येतील.

– मावशी