वाचकांचे प्रश्न : बुडबुड्याला विजेने ढकलता येते का?

प्रश्न : फेनतरण पद्धतीत हवेचे बुडबुडे धातुकाचे कण उचलून वर आणतात. बुडबुड्यांवर ऋणप्रभार असतो असे वाचनात आले. मग टाकीच्या दोन बाजूंना पट्ट्या लावून विद्युतक्षेत्र दिले, तर बुडबुडे हवे तिकडे वळवता येणार नाहीत का?

उत्तर : प्रभार असतो, हे खरे. बुडबुडा विद्युतक्षेत्रात सरकतो याची मोजमापे मॅक्टॅगर्ट यांनी १९१४ मध्येच प्रसिद्ध केली होती. स्वच्छ पाण्यात, सामू ७च्या आसपास, बुडबुड्याचे झीटा विभव (पृष्ठभागावरच्या प्रभाराचे व्होल्टमधले माप) साधारण उणे २० ते उणे ४० मिलिव्होल्ट भरते आणि तो धनाग्राकडे सरकतो. आम्ल घालत गेलो की हा प्रभार घटतो आणि सामू २ ते ४ या पट्ट्यात शून्यावर येतो.

पण सरकतो तो किती? झीटा विभव उणे ३० मिलिव्होल्ट धरा आणि क्षेत्र दर सेंटिमीटरला १ व्होल्ट. बुडबुडा आडवा सरकेल सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर. तोच बुडबुडा ५० मायक्रोमीटर व्यासाचा असेल, तर उत्प्लावक बलामुळे सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर, म्हणजे साडेसहाशे पट वेगाने वर जातो. क्षेत्र दहापट केले तरी १० सेंटिमीटर वर चढेपर्यंत तो जेमतेम दीड मिलिमीटर बाजूला झालेला असतो. टाकीतले पाणी किंचित ढवळले गेले तरी एवढी सरक कुठच्या कुठे पुसली जाते.

शिवाय दर सेंटिमीटरला १० व्होल्ट ही फुकटची गोष्ट नाही. नळाच्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला ५०० मायक्रोसीमेन्स धरली, तर दर लिटरमागे ५० वॉट उष्णता निर्माण होते; पाणी मिनिटाला पाऊण अंशाच्या आसपास तापते. त्या प्रवाहाने पट्ट्यांवर विद्युत अपघटन सुरू होऊन नवे बुडबुडेही निघू लागतात! आडव्या क्षेत्राचा प्रभाव खरोखर जाणवतो तो एक-दोन मायक्रोमीटरच्या बुडबुड्यांवर, कारण त्यांचा चढण्याचा वेगच सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर असतो. पण असे बुडबुडे कण उचलून वर नेण्याच्या कामाचे नसतात.

प्रश्न : मग फेनतरणात विजेचा उपयोग काय?

उत्तर : बुडबुडे ढकलायला नाही, बुडबुडे तयार करायला. ही कल्पना जुनीच आहे. खनिजे तरंगवण्यासाठी पाण्याच्या अपघटनातले वायू वापरण्याची सूचना एल्मोर यांनी १९०४ मध्ये केली होती. यातून मिळणारे बुडबुडे बहुधा २० ते ५० मायक्रोमीटरचे असतात, तर ढवळून हवा मिसळणाऱ्या नेहमीच्या यंत्रातले एक मिलिमीटरच्या आसपासचे. एक लिटर वायू १ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटला तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. ४० मायक्रोमीटरच्या बुडबुड्यांत वाटला तर १५० चौरस मीटर. त्यातही १० मायक्रोमीटरखालचा कण मोठ्या बुडबुड्यावर आदळतच नाही, बाजूने वळणाऱ्या पाण्याबरोबर निसटून जातो. बारीक बुडबुड्याशी त्याची गाठ पडण्याची शक्यता कितीतरी पट जास्त.

वायू किती मिळेल याचा हिशेब सरळ आहे. १ अँपिअर प्रवाह तासभर दिला की खोलीच्या तापमानाला सुमारे ४५० मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन. व्होल्ट कितीही वाढवा, वायू ठरतो अँपिअरवर. म्हणून नियंत्रण प्रवाहावर ठेवावे, व्होल्टवर नाही.

प्रश्न : याच पद्धतीने पाण्यातले तेल वर आणण्यासाठी १० लिटरच्या काचेच्या पात्रात तेलकट पाणी घेऊन तळाशी स्टेनलेस स्टीलच्या दोन जाळ्या एकीवर एक, २ सेंटिमीटर अंतराने ठेवल्या आणि १२ व्होल्ट डीसी दिला. सुरुवातीला छान दुधी ढग उठला. अर्ध्या तासात पाणी तपकिरी झाले, बुडबुडे मोठाले येऊ लागले आणि तेल खालीच राहिले. काय चुकले?

उत्तर : यात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत.

तपकिरी रंग धनाग्राचा. तिथले स्टील विरघळते आणि लोखंडाबरोबर क्रोमियम व निकेलही पाण्यात उतरतात, त्यामुळे हे पाणी मोरीत ओतू नका. धनाग्रासाठी इरिडियम किंवा रुथेनियम ऑक्साइडचा लेप असलेले टायटॅनियम घ्या. नुसते टायटॅनियम चालत नाही. त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि प्रवाह अडतो. ग्रॅफाइट चालते, पण झिजून काळी पूड सोडते. ऋणाग्राला स्टील ठीक आहे.

मोठे बुडबुडे जाळ्यांच्या रचनेमुळे. खालच्या जाळीतून सुटलेले बुडबुडे वरच्या जाळीच्या तारांना खालून चिकटतात, एकमेकांत मिसळतात आणि फुगून सुटतात. टॉर्च आडवा धरून पाहा, तारेच्या पोटाशी मण्यांसारखी रांग दिसेल. जाळ्या उभ्या, आलटून-पालटून लावा. प्रवाह जाळीच्या दर चौरस मीटरला १०० ते २०० अँपिअर एवढाच ठेवा; त्यापुढे सुटण्याआधीच बुडबुडे एकमेकांना भिडतात. पाण्याची वाहकता कमी असेल तर लिटरला १ ग्रॅम सोडियम सल्फेट घाला. मीठ नको, धनाग्रावर क्लोरीन निघतो.

तिसरा दोष प्रभाराचा, आणि आमच्या मते हाच मुख्य. तेलाचे थेंब ऋणप्रभारित, बुडबुडेही ऋणप्रभारित. जवळ आले तरी एकमेकांना दूर लोटतात. आधी तुरटी घालून थेंबांचा प्रभार उतरवावा लागतो. एक-एक लिटरचे पाच पेले घ्या, त्यांत २०, ३०, ४०, ५०, ६० मिलिग्रॅम तुरटी घाला, सामू ६ ते ७ ठेवा, मिनिटभर जोरात आणि दहा मिनिटे हळू ढवळा. ज्या पेल्यात पुंजके नीट दिसतील ती मात्रा दर लिटरला या हिशेबाने पात्रात वापरा. प्रवाह त्यानंतर सुरू करा. जास्त तुरटी म्हणजे जास्त चांगले असे मुळीच नाही. मात्रा फार झाली तर थेंब आणि बुडबुडे दोन्ही धनप्रभारित होऊ शकतात आणि पुन्हा तेच, एकमेकांना लोटणे.

ऋणाग्रावर पांढरा थर दिसला तर तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार आहे; सायट्रिक आम्लाच्या ५ टक्के द्रावणात बुडवून काढावा. आणि पात्रावर झाकण ठेवू नका. हवेत ४ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो.

प्रश्न : डीसीऐवजी घरातला ५० हर्ट्झचा एसी ट्रान्सफॉर्मरने उतरवून दिला तर?

उत्तर : नको. दिशा इतक्या लवकर उलटते की वायू थोडाच मिळतो, आणि मिळतो तो एकाच पट्टीवर हायड्रोजन-ऑक्सिजन मिसळलेला. क्षार झडण्यासाठी काही मिनिटांनी ध्रुव बदलण्याची पद्धत आहे, पण धनाग्राच्या लेपाच्या उत्पादकाची तशी परवानगी असेल तरच. बरेच लेप त्याने खराब होतात.

प्रश्न : सूक्ष्मदर्शक नसताना बुडबुड्यांचा आकार कसा ओळखावा?

उत्तर : प्रवाह बंद करा आणि पात्रामागे काळा कागद धरा. दुधी ढग वर सरकतो आणि खाली स्वच्छ पाण्याची कड दिसू लागते. ही कड २० सेंटिमीटर चढायला किती वेळ लागला ते मोजा. सुमारे चार मिनिटे लागली तर सर्वांत बारीक बुडबुडे ४० मायक्रोमीटरचे. पंधरा मिनिटे लागली तर २० मायक्रोमीटरचे. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून निम्म्या व्यासाला चौपट वेळ. पात्राला ऊन किंवा दिव्याची धग लागत असेल तर पाणी आतून फिरते आणि आकडा फसवा येतो.