क्रिप्टोच्या टॅक्सची धास्ती घेतलीयेस? आधी नोंदी गोळा कर

अरे घाबरून गप्प बसू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि नंतर फार त्रास झाला. पैसे बँकेत आले नाहीत म्हणजे टॅक्स नाही असं वाटतं ना, पण बऱ्याच देशांत एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी ती विक्रीच धरतात, स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवलं तर सहसा नाही, फक्त त्याचा पुरावा ठेव. आजच एक्सचेंजवरून, म्हणजे जिथे कॉइन घेतोस-विकतोस त्या साइटवरून, सगळी हिस्टरी डाउनलोड कर, ते बंद पडलं तर मिळवताना जीव जातो. प्रत्येक व्यवहाराची तारीख, त्या दिवसाचा भाव, फी, एवढं हवंच. लपवायचा विचार सोड, २०२७ पासून ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या नियमांनुसार कितीतरी देश क्रिप्टो व्यवहारांची माहिती एकमेकांना देणारेत. मागचं राहिलं असेल तर नोटीस यायच्या आधीच टॅक्सच्या जाणकाराला दाखव.