रक्त सारखंच, मग भिंती वेगळ्या का?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकातल्या चित्रात हृदयाचा डावा निलय (खालचा कप्पा) उजव्यापेक्षा बराच जाड दाखवलाय. दोन्हीकडून रक्त सारखंच जातं ना? मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

उत्तर : रक्त सारखंच जातं, हे अगदी बरोबर. आपण निवांत बसलेलो असताना दर ठोक्याला दोन्ही निलय साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतात. फरक आहे तो दाबात. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचायचं असतं आणि तिथल्या वाहिन्या फारशी आडकाठी करत नाहीत. पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास दाबात त्याचं भागतं. डाव्याच्या वाट्याला उरलेलं सगळं शरीर. त्याला सुमारे १२० लागतो. म्हणून उजवी भिंत ३-४ मिलिमीटर, तर डावी १० च्या आसपास.

शरीररचना शिकवायचे तेव्हा मी विद्यार्थ्यांना आधी चित्र मिटायला लावायचे. हृदय आडवं कापलं की डावा निलय गोल दिसतो आणि उजवा त्याला बिलगलेल्या चंद्रकोरीसारखा. डोळे मिटून भिंत चिमटीत धरली तरी बाजू ओळखू येते.

गंमत म्हणजे जन्मतः ही तफावत जवळपास नसतेच. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, त्यामुळे उजव्या निलयातलं बहुतेक रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत, म्हणजे शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीत जातं. दोघांना दाब सारखा, भिंतीही तशाच. जन्मानंतर फुप्फुसं उघडतात, आडवाट बुजते, उजव्याचं ओझं उतरतं आणि डावा पुढे निघून जातो. उलट फुप्फुसांतला दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर मोठेपणीही उजवी भिंत जाड होऊ लागते.

त्याच चित्रात झडपांना खालून बांधलेले दोरे असतील. मला विचाराल तर खरी करामत तिथे आहे! ते झडप उघडतात असं पुष्कळांना वाटतं. झडप उघडते-मिटते ती रक्ताच्या दाबानेच. दोरे तिला उलटून वरच्या कप्प्यात जाऊ देत नाहीत. आता निलय आकसला की तळ आणि झडप जवळ येणार, म्हणजे दोरे ढिले पडायला हवेत. पडत नाहीत, कारण ज्या मांसल खुंटांना ते बांधलेत, तेही त्याच वेळी आकसतात.

महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला मात्र दोरे नाहीत. मागे फिरणारं रक्त तिच्या तीन खिशांत भरतं, खिसे एकमेकांना टेकतात, वाट बंद. पुस्तकात तिथेही दोरे काढले असतील तर चित्र चुकलंय.