‘देवानं क्षमा केली असेल हो, पण मी स्वतःला कशी करू?’

हे वाक्य समुपदेशनाच्या गेल्या २२ वर्षांत मी किती जणांकडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. बडोद्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतून तर ते हमखास येतं. क्षमेची वचनं लहानपणीच पाठ झालेली असतात, आणि रात्री दोन वाजता जाग आली की त्यातलं एकही कामी येत नाही. या पावसाळ्यात तिघांनी हेच विचारलं, म्हणून एका मावशींबद्दल लिहिते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या, फतेहगंजला राहणाऱ्या. वडिलांचं नगरचं घर विकलं तेव्हा व्यवहार यांच्याच हातात होता. धाकट्या बहिणीच्या वाट्याचे ४० हजार यांनी ठेवून घेतले. देऊ, देऊ म्हणता बहीण वारली. त्याला १४ वर्षं झाली. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी मावशी शेवटच्या बाकावर बसत आणि भाकर मोडायच्या आत हळूच बाहेर पडत. दशमांशाच्या, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाच्या, दुप्पट दान, शुक्रवारचा उपास, आजाऱ्यांना डबे. मंडळीत कौतुक होई, आणि प्रत्येक कौतुकानं त्या आणखी खचत.

पहिल्या तीन भेटी रडण्यात गेल्या. मी फारसं बोलले नाही. पण एक गोष्ट कानाला खटकत राहिली : त्यांचं वाक्य पुरं होत नव्हतं. ‘ते पैशाचं तसं झालं.’ ‘तेव्हा यांची नोकरी सुटली होती.’ ‘परिस्थितीच तशी होती.’ १४ वर्षं शिक्षा रोज भोगली, पण काय केलं ते एकदाही सरळ उच्चारलं नव्हतं. देवापुढेसुद्धा.

चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘मावशी, प्रभूची प्रार्थना रोज म्हणता ना? “आमची ऋणे आम्हांस सोड.” ऋण सोडतं कोण? देणेकरी की ज्याचं येणं आहे तो?’

‘ज्याचं येणं आहे तो.’

‘मग स्वतःला सोडायचा हक्क तुम्ही कुठून आणणार?’

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘पण जिचं येणं होतं ती तर गेली, ताई. आता मागू कोणाकडे?’

खरा काटा इथं होता. मी बायबलमधलं ५१ वं स्तोत्र काढलं. दाविद राजानं आपल्याच सैनिकाला, उरीयाला, लढाईत मारवलं, त्याची बायको घेतली. स्तोत्र त्याच्या पश्चात्तापाचं, आणि तोवर उरीया मेलेला आहे. त्याच्याकडे जाऊन पाय धरायची सोय दाविदालाही नव्हती. तरी तो देवाला म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ उरीयाचं नुकसान तो नाकारत नाही. माणसाचं बुडवलेलं शेवटी देवाच्या वहीत लागतं, आणि ती वही ज्याच्या हातात आहे तो जिवंत आहे, एवढं त्याला कळलं होतं.

मग योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन. आपल्या मराठी बायबलात तिथं ‘पापे पदरी घेतली’, म्हणजे कबूल केली, असे शब्द आहेत. मावशींनी ते वाचलं आणि त्यांचा हात आपसूक पदराशी गेला. नंतरची शांतता मी मोडली नाही. समुपदेशकाला काही कळत असेल तर ते गप्प कधी राहायचं हे, असं मी मानते. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

‘मी तिचे पैसे ठेवून घेतले,’ त्या म्हणाल्या. ‘नोकरीचं निमित्त. नसती सुटली तरी मी दिले नसते. मला ते हवे होते.’

त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. मला त्या क्षणी उमगलं ते असं : इतकी वर्षं हे पाप त्यांच्या पाठीवर होतं, पदरात नव्हतं. पाठीवरचं ओझं दिसत नाही, मग ते उतरवून कोणाच्या हाती देणार? पदरात घेतलेलं समोर असतं, ओतता येतं. उपास, डबे, दुप्पट दान हे सगळे हप्ते होते, आणि मुद्दल काय ते कधी बोललंच गेलं नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणूनच ‘स्वतःला क्षमा करा’ असं सांगत नाही. शास्त्रात तशी आज्ञा मला सापडलेली नाही. पाप नावानिशी सांगा, आणि क्षमा ज्याची आहे त्याच्याकडून घ्या. भरपाई त्यानंतर. जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं ते येशू त्याच्या घरी उतरायला निघाल्यावर, आधी नव्हे. प्रभुभोजन टाळणाऱ्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय नीट वाचावा. ते पत्र लिहिणारा पौल ‘अयोग्य प्रकारे’ खाण्याबद्दल बोलतो, कारण तिथं काही जण खाऊनपिऊन तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पुढच्याच वचनात तो स्वतःची परीक्षा करा आणि मग खा म्हणतो. दूर राहा म्हणत नाही. आणि झोप-भूक उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. गोळी घेतल्यानं विश्वास कमी ठरत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी बाकावर बसून राहिल्या. भाकर घेतली. दुसऱ्या दिवशी भाचीला नगरला फोन केला, सगळं सांगितलं. भाची काही न बोलता फोन ठेवून मोकळी झाली. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला : नुसता खाते क्रमांक.

‘रागातच आहे ती,’ मावशी मला मेसेज दाखवत म्हणाल्या. ‘असू दे. तिचा राग तिच्या जागी बरोबर आहे.’ मग पर्स उघडून बँकेची पावती काढली आणि रक्कम बरोबर आहे ना, ते मला पुन्हा एकदा बघायला सांगितलं.